पाच पाण्यांचा नवस

नळदुर्गच्या अलीकडं ढाब्यावर गाडी थांबली आणि मी दार उघडायच्या आधीच वास आत आला. तळलेल्या माशाचा. करपलेलं तेल, लसूण, तिखट, आणि या सगळ्याच्या खाली तो शेवाळी, नदीच्या तळाचा वास, जो कितीही मसाला थापला तरी जात नाही. आम्ही उमरग्याला लग्नाला निघालो होतो. गाडी मुलगा चालवत होता, सून माझ्याजवळ बसली होती. ती म्हणाली, "आई, इथला मासा लई नावाजलेला आहे. तुम्ही नका खाऊ, पण आम्ही दोन घास खाऊन घेतो." म्हटलं, खा बाई. पदर नाकाला लावला आणि ढाब्याच्या मागं बाभळीखाली खुर्ची मागून घेऊन बसले. तिथून किल्ल्याचा बुरूज दिसतो आणि खाली बोरी नदी.

वय झालं की नाक मंदावतं म्हणतात. माझे गुडघे गेले, दात गेले, नाक मात्र जसंच्या तसं आहे. देवानं जे न्यायचं ते ठेवलं आणि ठेवायचं ते नेलं.

मी तुळजापूरच्या शाळामास्तरांची मुलगी. घर माळकरी. उकिरड्यावर अंड्याचं टरफल दिसलं तरी आई वाट बदलायची. मला दिलं परंड्याला, सडक खात्यातल्या ओव्हरसियरला. मराठवाडा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. कचेरीतले जुने लोक अजून 'दरख्वास्त' आणि 'तारीख-पेशी' म्हणायचे, नवे लोक अर्ज म्हणायचे. स्थळ चांगलं होतं. "दारू नाही, पत्ते नाहीत, तमाशा नाही," मध्यस्थांनी सांगितलं होतं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मुलाला मासे धरायचा नाद आहे का, हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

मला ते कळलं लग्नानंतर आठव्या दिवशी. आमटीला फोडणी द्यायला हिंगाचा डबा उघडला, तर आत ओली माती आणि मातीत वळवळणारी गांडुळं. तेल तापलेलं, मोहरी तडतडतेय आणि मी डबा हातात धरून किंचाळतेय. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, त्यो त्याचा डबा हाय. हिंगाचा वरच्या फळीवर." जशी काही प्रत्येक घरात अशी दोन डब्यांची सोय असतेच.

नंतर सवय होईल म्हणाले सगळे. झाली नाही. ह्यांच्या शर्टाच्या बाहीला खवले चिकटलेले असायचे, नखाएवढे, वाळून कडक झालेले. धुताना ते माझ्या तळहाताला चिकटायचे. हात दोनदा मातीनं, एकदा राखेनं घासले तरी जेवताना घास तोंडाशी आला की तो वास यायचा. मी कितीदा घास परत ताटात ठेवला असेल. सगळे म्हणायचे, नवी नवरी लाजते.

त्या दिवाळीत ह्यांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस. आमचे एवढे धिप्पाड गृहस्थ, पण अंथरुणावर नुसती घडी घातलेली चादर उरली. डॉक्टरांनी खांदे उडवायला सुरुवात केली, तेव्हा शेजारच्या काकूंनी मला अंगणात बोलावलं. "जीव देऊन जीव मागू नये पोरी," त्या म्हणाल्या, "जीव पोसून मागावा. पाच पाण्यातल्या माशांना हळदीची कणीक चारीन म्हण. एकेका पाण्यात एकशे आठ गोळ्या. गोळीत ह्याचं नाव लिहून घाल. आणि एक ध्यानात ठेव, जिथं चारलं तिथला मासा ह्याच्या जिवाचा राखणदार झाला. त्या पाण्यातला मासा मारायचा नाही, खायचा तर नाहीच."

मी म्हटलं, बोलले नवस. तिसऱ्या दिवशी ताप उतरला.

आता नाव लिहायचं म्हणजे काय, ते आजच्या मुलींना कळणार नाही. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. मी ते आयुष्यात एकदा घेतलं होतं, लग्नात, उखाण्यात, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. आत्ताही घेत नाही, सवय जात नाही. पण काकू म्हणाल्या लिही, तर लिहायलाच लागणार. वडिलांकडून आणलेली शाळेची पेन्सिल माझ्याकडं होती. कोरडी असताना करडी उमटायची, ओली झाली की जांभळी. जिभेला लावून लिहायची. वहीच्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापून मी दुपारभर माळ्यावर बसून नाव लिहायची. पाचशे चाळीस वेळा. जीभ जांभळी, ओठ जांभळे. मनातल्या मनात म्हणत म्हणत लिहायची, आणि खरं सांगते, लाज वाटायची, गोड वाटायचं. त्या नावाची आणि माझी ओळखच त्या माळ्यावर झाली.

हिवाळा सरला, ह्यांच्या अंगात ताकद आली, तेव्हा मी भीत भीत सांगितलं. मला वाटलं होतं, हसतील, नाहीतर रागावतील. पण ह्यांचे डोळे असे चमकले की बस. "पाच पाणी? अगं, दहा दाखवतो! सीनेपासनं सुरू करू. मग मांजरा, मग तेरणा. धाराशिवचं तळं. शेवटी बोरी, नळदुर्गला. रजा टाकतो आठ दिवसांची." नवसाचं नाव काढल्यावर सासूबाईंना नाही म्हणता येईना. काकूंची अट मी सांगितली तेव्हा हे म्हणाले, "तुझ्या डोहाला हात लावणार न्हाय. वर-खाली कोसकोस नदी पडलीया. शपथ."

शिमग्याच्या आधीचे दिवस होते. ह्यांच्याकडं लष्कराच्या लिलावातली जुनी फटफटी होती. मागं मी, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, डोक्यावरून पदर, पदराचं टोक दातात. ज्वारी काढणीला आलेली. करडई वाळून काट्यांची झालेली, तिच्या पेंढ्या रस्त्याकडेला रचलेल्या. भूमच्या पुढं माळावर पळस नुसता पेटलेला. घरात आम्ही दिवसा एकमेकांशी बोलत नव्हतो. बोलायचं ते सासूबाईंना सांगायचं, ते ह्यांनी ऐकायचं. इथं मी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते, उघड्या रस्त्यावर, आणि कोणी काही म्हणत नव्हतं. हे वाऱ्यात ओरडून काहीतरी सांगायचे, मला अर्धं ऐकू यायचं, मी "व्हय व्हय" म्हणायची. येरमाळ्याला देवीचं दर्शन घेतलं, उतारावर दोघांनी एका कपबशीत चहा घेतला. कप ह्यांना, बशी मला. तेवढं सुख मला त्याआधी माहीत नव्हतं, नंतरही फारसं भेटलं नाही.

फक्त डबकं दिसलं की फटफटी आपोआप हळू व्हायची. पुलावर तर थांबायचीच. हे वाकून पाण्याकडं बघायचे, जसा हलवाई दुसऱ्याच्या कढईत बघतो.

सीनेला पहिल्यांदा गोळ्या सोडल्या. डोहाच्या काठाला खडकावर बसून मी एकेक गोळी टाकत होते. आधी काही नाही. मग पाणी हललं, काळं झालं आणि ती तोंडं वर आली. गोल, उघडी, मिटणारी, पुन्हा उघडणारी तोंडं. एक मोठा मिशांचा शिंगाडा मासा काठाला आला आणि त्यानं माझ्या बोटालाच तोंड लावलं. दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडासारखं, मऊ आणि गार. मला शिसारी आली, अंगावर काटा आला, पण हात मागं घेतला नाही. म्हटलं, ह्यांच्या जिवाचे राखणदार आहेत हे. खाऊ देत.

"तू हो पुढं, न्हाऊन घे," हे म्हणाले. "मी जरा वरच्या अंगाला बघून येतो." सूर्य मावळताना हे परतले ते ओलं पोतं घेऊन. पोत्यात तीन शिंगाडे, अजून जिवंत. "वरच्या अंगाला लई मासा हाय," हे म्हणाले. तीन दगडांची चूल मांडून ह्यांनीच शिजवले. येसराचा मसाला टाकून, करडईच्या तेलात. मी लांब बसून चटणी-भाकरी खाल्ली आणि वाऱ्याची दिशा बदलेल तसं जागा बदलत राहिले.

मांजरेला तेच झालं. माझं चारून झालं, मी न्हायला गेले, हे वरच्या अंगाला गेले, पोतं भरून आलं. दुसऱ्या दिवशी ढोकीकडं जाताना ते पोतं माझ्या मांडीवर होतं, कारण फटफटीला दुसरीकडं जागा नव्हती. आत काहीतरी अजून जिवंत होतं. दर खड्ड्याला शेपूट माझ्या पोटावर आपटायचं. बुळबुळीत पाणी लुगड्यातून झिरपून मांडीपर्यंत गेलं. मी तोंडानं श्वास घेत होते. हे पुढून ओरडले, "काय छान हवा सुटलीय, न्हाय?" मी "व्हय" म्हटलं.

तेरणेकाठी एका जुन्या डाकबंगल्यात उतरलो. सडक खात्याचे म्हणून ह्यांना खोली मिळाली. तिथला चौकीदार गफूरचाचा. मोगलाईतला जुना माणूस, पांढरी दाढी, बोलण्यात अदब. तिसऱ्या पाण्याचं चारून झालं. हे वरच्या अंगाला जाऊन आले. मासे गफूरचाचांकडं साफ करायला देऊन पडवीत पाय पसरून बसले. मी खोलीत केस विंचरत होते.

दारात चाचा उभे राहिले. "बाई, जरा बाहीर येता का?"

त्यांच्या ओंजळीत काहीतरी होतं. पाण्यानं धुतलेलं, नीट पसरलेलं. "मच्छीच्या पोटात तावीज निघालाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. "म्या उर्दूतनं शिकलो, तुमची लिपी न्हाय येत. पर लिवलेलं हाय, म्हंजे कुणाची तरी दुवा असंल. आल्लाचं नाव असो का देवाचं, नालीत कसं फेकू? तुमी शिकलेल्या. वाचा तर."

मी बघितलं. जांभळं. माझं वळण, पहिल्या अक्षराची माझी लांब वेलांटी.

"काय लिवलंय बाई?"

मला ते तोंडानं म्हणता येईना. नवऱ्याचं नाव, ते कसं म्हणू? "देवाचं नाव आहे चाचा," मी म्हणाले. त्यांनी ती पट्टी दोन्ही डोळ्यांना लावली आणि माझ्या हातात दिली. "मंग सांभाळून ठिवा. अजून निघालेत. या."

मागच्या दगडावर शिंगाडा चिरून पडला होता. पोट उघडं. आत माझी कणीक, फुगलेली, राखाडी, पित्तानं हिरवट झालेली, आणि तिच्यातून जांभळा रंग रक्तात पसरलेला. माशीवर माशी. त्याच्या मिशा अजून हलत होत्या की मला तसं वाटलं, कोण जाणे. चाचा बोटांनी एकेक चिठ्ठी सोडवत होते, न फाटेल अशी, आणि लोट्यातल्या पाण्यात बुडवून दगडावर ओळीनं मांडत होते. एक, दोन, पाच, सहा. सहा वेळा ह्यांचं नाव उन्हात वाळत पडलं होतं. मी जास्वंदीच्या बुंध्याशी जाऊन ओकले. चाचांनी पाणी आणून दिलं आणि कसली तरी शंका येऊन हळूच हसले. म्हणाले, "मुबारक, बेटी." मला त्यांना सांगवेना की तसलं काही नाही.

ह्यांना मी पडवीतच गाठलं. "तुम्ही शपथ घेतली होती."

हे आधी चपापले. मग हसले. ते हसणं मी अजून विसरले नाही. "अगं, वरच्या अंगाला आधी चारलेलं नसतं. न चारता मासा गळाला लागतो का? चार-चार दिवस चारावं लागतं एकेका जागी. तू एकशे आठ गोळ्या सोडतीस, सगळा डोह गोळा होतोय. आयता. मी फक्त गळ टाकतो."

"तीनही पाण्यात?"

"तीनही."

"पण काकूंनी सांगितलं होतं..."

"चारायचा नवस हाय ना तुझा? मग चारलंस की तू. पुढचं मासा आणि मी बघून घेऊ." आणि मग, माझा हात धरून, अगदी लाडानं, "तुझ्यासारखं चारणारं माणूस मिळालं नव्हतं बघ आजवर."

मी हात सोडवला. त्या हाताला कणकेचा वास होता, माझ्याच हळदीच्या कणकेचा, आणि खाली तो दुसरा वास. त्या दिवशी हे माझ्यासमोर जेवले. काटा काटा चोखून, बोटं चाटून. मी बघत होते, ह्यांच्या जिवाचा राखणदार ह्यांच्याच घशाखाली उतरत होता आणि हे म्हणत होते, मीठ जरा कमी पडलं. मला त्या तोंडाची किळस आली. माशाच्या तोंडाची आली होती त्यापेक्षा जास्त. लग्न होऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, एवढं काय? मासाच तर होता. मीही स्वतःला हेच म्हणत होते, धाराशिवपर्यंतच्या सगळ्या रस्त्यानं. खांद्यावर हात ठेवला नाही, फटफटीची कडी धरून बसले. चौथ्या पाण्याला, तळ्यावर, ह्यांना शेजारी बसवून घेतलं. गळ गावातच ठेवायला लावला. हे मुकाट बसले. पण तोंडं वर आली तसे ह्यांचे ओठ हलायला लागले. बोटं मांडीवर नाचत होती. नवस ह्यांच्या जिवाचा होता आणि ह्यांना त्यात फक्त रस्सा दिसत होता. तरी मी मोजून एकशे आठ सोडल्या. चार पाणी झालं. तुळजापुरात माहेरी मुक्काम केला. वडिलांनी विचारलं, बरी आहेस ना? म्हटलं, बरी आहे. सांगणार काय? बाबा, ह्यांनी माझी कणीक वापरली?

पाचवं पाणी नळदुर्ग. शेवटचं. ते झालं की ह्यांचा जीव पक्का, नाही झालं तर काकू म्हणाल्या होत्या, अर्धा नवस पुऱ्या कर्जापेक्षा वाईट. सकाळी उतरल्या घरी मी कणीक मळत होते. मन जरा शांत झालं होतं. देवीपुढं माफ करून आले होते ह्यांना. हे दाढी करता करता आले, परातीत वाकले, कणकेत बोट घालून बघितलं आणि म्हणाले,

"आज गोळ्या जरा मोठ्या कर. बोरीत मासा मोठा हाय."

गोळ्या केल्या. मोठ्याच केल्या. एकेकीत ह्यांचं नाव घातलं. डबा घेऊन एकटी नदीवर गेले, "तुम्ही या मागनं" म्हणाले. किल्ल्याखालचा डोह, हिरवा, निवांत. काठावर ओणवी बसले. दोन तोंडं वर आली, आणलंय का काही म्हणून बघून गेली. मी उठले, वर बाभळीच्या बुडाशी काठीनं काळी माती उकरली आणि डबा तिथं उपडा केला. वर माती ओढली, पायानं दाबली. हात धुतले. परत येऊन म्हणाले, "झालं."

हे दिवसभर बसले. एकसुद्धा लागला नाही. दुसऱ्या दिवशीही अर्धा दिवस बसले. "पाणी खराब हाय नळदुर्गचं," म्हणत तोंड पाडून गळ गुंडाळला. त्या आठ दिवसांत एवढ्या एका दुपारी मी पोटभर जेवले.

पुढं आमची बदली तुळजापूरला झाली. मुलं झाली, घर बांधलं. हे सरळ साधे, कष्टाळू, मुलांवर जीव टाकणारे. कोणीही म्हणेल, लाखात एक. मीही म्हणायची. मासे धरणं मात्र सुटलं नाही. आणि ह्यांनी साधं खोकलं तरी मी कपाळाला हात लावून ताप बघायची. नवस अर्धा राहिला होता आणि ते एकट्या मला माहीत होतं.

मग एकदा परत तापानं धरलं. मोठा मुलगा तेव्हा शाळेत जायला लागला होता. सातव्या दिवशी दुपारी, मी कपाळावर पट्टी बदलत होते, तेव्हा ह्यांनी डोळे उघडले.

"ऐक. त्ये पाच पाणी. पाचीबी झालं व्हतं ना?"

इतक्या वर्षांत ह्यांनी नवसाचा शब्द काढला नव्हता. ह्यांच्या डोळ्यांत भीती होती, लहान मुलाच्या डोळ्यांत असते तशी उघडी. म्हणजे ह्यांचा विश्वास होता. हसले तेव्हाही होता, चोखून खाल्लं तेव्हाही होता.

"झालं होतं," मी म्हणाले.

"नळदुर्गला एकबी मासा लागला न्हवता."

"पाणी खराब होतं."

हे निवांत झाले, डोळे मिटले. मी तिथंच बसून राहिले. ह्यांचा हात माझ्या हातात होता. मला ह्यांना जगवायचं होतं. उठावं, परात घ्यावी, नळदुर्गला जाऊन यावं. कणकेचा डबा तिथून दिसत होता. आणि त्या डब्याकडं बघितलं की मला ते जांभळं रक्त दिसायचं, ते परातीतलं बोट दिसायचं. मी उठले नाही. बाराव्या दिवशी ताप आपोआप उतरला. बरं वाटल्यावर ह्यांनी पहिल्यांदा मागितला मरळ माशाचा रस्सा.

आता हे जाऊन दहा वर्षं झाली. म्हातारपणानं, झोपेत, सुखानं गेले. लोक म्हणाले, बाईची पुण्याई. मी ऐकून घेतलं.

इथं बाभळीखाली बसून बघतेय, तो डोह तसाच आहे. जीव वाचायला नवस लागत नाही, हे आता मला कळतं, पण तेव्हा कळत नव्हतं. तेव्हा मी मनापासून मानत होते की ह्यांचा जीव या पाण्यात अडकलाय. आमचं घर नळदुर्गच्या रस्त्यालाच. रोज सकाळी इकडं येणारी एसटी दारासमोरून जायची, हात केला की थांबायची. तासाभराचा रस्ता. तेवढी वर्षं मी अंगणात सडा टाकत उभी असायची, गाडी यायची, ड्रायव्हर ओळखीनं माझ्याकडं बघायचा आणि वेग कमी करायचा. मी एकदाही हात केला नाही.